स्विच व राउटरमधील मेमरीची वाटणी : १२ ऑगस्ट २०१४ ची घटना आणि महाविद्यालयीन नेटवर्क

सारांश : नेटवर्क स्विच व राउटर या उपकरणांतील मेमरी एकसंध नसते. ती निरनिराळ्या प्रकारची असते आणि तिचे कप्पे बहुधा उपकरण सुरू होतानाच ठरतात. हे कप्पे उत्पादकाने केलेल्या अंदाजावर आधारलेले असतात. प्रत्यक्ष वापर त्या अंदाजापासून दूर गेला म्हणजे एक कप्पा ओसंडतो व शेजारचा रिकामा राहतो. प्रस्तुत लेखात मार्गसारणी, मॅक पत्त्यांची सारणी व पॅकेट बफर यांच्या वाटणीचे स्वरूप स्पष्ट केले असून १२ ऑगस्ट २०१४ रोजी इंटरनेटवर उद्भवलेल्या घटनेच्या आधारे या वाटणीचे परिणाम दाखविले आहेत. त्याच तत्त्वाचा महाविद्यालयीन नेटवर्कशी असलेला संबंधही तपासला आहे.

बीजशब्द : मेमरी वाटणी, टीकॅम, मार्गसारणी, मॅक सारणी, पॅकेट बफर, आयपीव्ही६

प्रस्तावना

महाविद्यालयातील नेटवर्क मंद झाले की पहिला संशय इंटरनेटच्या वेगावर घेतला जातो. सेवादात्याकडे तक्रार होते, अधिक बँडविड्थचा प्रस्ताव खरेदी समितीपुढे येतो आणि पुढील आर्थिक वर्षात तो मंजूरही होतो. वेग वाढूनही अडचण कायम राहिली तर तारांची व उपकरणांची तपासणी सुरू होते. उपकरण चालू आहे, दिवे लुकलुकत आहेत, मध्यवर्ती प्रक्रियकाची क्षमता पुरेशी आहे, मेमरीही निम्मी रिकामी दिसते; तरीही काही विद्यार्थ्यांना संकेतस्थळे उघडत नाहीत आणि काहींना ती सुरळीत उघडतात, असे विचित्र चित्र पुढे येते.

या ठिकाणी ‘मेमरी निम्मी रिकामी’ हे वाक्यच फसवे असते. कोणती मेमरी रिकामी आहे, हा प्रश्न विचारला गेलेला नसतो. घरगुती संगणकात मेमरी एकाच साठ्यात असते आणि गरजेनुसार ती या ना त्या कामास मिळते. स्विच व राउटरमध्ये तसे नसते. तेथील सर्वांत महत्त्वाच्या मेमरीचे कप्पे आगाऊ पाडलेले असतात व एका कप्प्यातील मोकळी जागा दुसऱ्या कप्प्याच्या उपयोगी पडत नाही. ही वाटणी कोणी केली, कोणत्या गृहीतकावर केली आणि ती बदलता येते किंवा नाही, हे जाणून घेणे केवळ तंत्रज्ञांपुरते मर्यादित राहू नये. नेटवर्कच्या खर्चास मान्यता देणाऱ्या प्राध्यापकांनाही त्याची कल्पना असणे इष्ट आहे.

तीन प्रकारची मेमरी

मध्यम आकाराच्या कोणत्याही राउटरमध्ये किमान तीन प्रकारची मेमरी आढळते. पहिली नियंत्रक प्रक्रियकाची मेमरी होय. ती संगणकातील सर्वसाधारण डीरॅमसारखीच असते. उपकरणाची कार्यप्रणाली आणि शेजारच्या राउटरांकडून कळलेले सर्व मार्ग तिच्यात राहतात. दुसरी मेमरी पॅकेट पुढे पाठविण्याचा निर्णय घेणाऱ्या चिपजवळ असते व तिच्यात पत्ते शोधण्याच्या सारण्या असतात. तिसरी म्हणजे पॅकेट बफर. बाहेर पडण्याची वाट मोकळी नसेल तेव्हा पॅकेट तेथे थांबते. उपकरणावरील सर्वसाधारण आज्ञा जी टक्केवारी दाखविते ती बहुधा पहिल्या मेमरीची असते, आणि प्रत्यक्षातील बिघाड मात्र पुष्कळदा दुसऱ्या वा तिसऱ्या मेमरीत असतो.

दुसऱ्या मेमरीची वेगळी सोय का करावी लागते, हे एका साध्या गणिताने स्पष्ट होते. इथरनेटवरील सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची असते. तिच्या आधीचे सूचक बाइट आणि दोन फ्रेममधील सक्तीची मोकळीक धरून ती तारेवर ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट इतकी जागा घेते. सेकंदाला १० गिगाबिट वेगाच्या तारेवर अशा सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार फ्रेम एका सेकंदात येऊ शकतात. प्रत्येकीच्या वाट्याला ६७.२ नॅनोसेकंद येतात. सामान्य डीरॅममध्ये कोठलीही एक नोंद वाचण्यासच काही दशक नॅनोसेकंद लागतात. लाखो नोंदींमधून योग्य ती नोंद शोधण्यासाठी तेथे अनेकदा वाचन करावे लागेल, आणि तेवढा अवधी नसतो. अशी एकच तार नव्हे तर २४ किंवा ४८ तारा एकाच उपकरणात आलेल्या असतात, हे ध्यानी घेतले म्हणजे अडचणीचे खरे माप कळते.

पत्त्याचा शोध आणि टीकॅम

राउटरला पूर्ण पत्ता जुळवायचा नसतो. पत्त्याचा सुरुवातीचा जास्तीत जास्त लांबीचा जुळणारा भाग त्याला शोधायचा असतो. भारतीय टपाल खात्याची पिनकोड पद्धती हे याचे उत्तम उदाहरण ठरेल. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी सिद्ध केलेली ही पद्धती १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलात आली. दूरच्या छाटणी केंद्रात ‘४१६’ ने सुरू होणाऱ्या सर्व पत्रांसाठी कोल्हापूरचा एक खण आणि ‘४१६४’ ने सुरू होणाऱ्या पत्रांसाठी सांगलीचा वेगळा खण ठेवला आहे, अशी कल्पना करावी. मिरजेचे ४१६४१० हा क्रमांक असलेले पत्र दोन्ही खणांना लागू पडते. परंतु छाटणी करणारा अधिक अंक जुळणाऱ्या सांगलीच्याच खणात ते टाकेल. राउटर प्रत्येक पॅकेटच्या बाबतीत हेच करतो. फरक इतकाच की त्याच्यापुढील खणांची संख्या लाखांत असते.

हे काम एका फटक्यात व्हावे म्हणून टीकॅम नावाची मेमरी वापरतात. सामान्य मेमरीला जागा सांगितली की ती तेथील मजकूर देते. टीकॅमला मजकूर सांगितला की ती जागा सांगते. तिच्या प्रत्येक घरात शून्य, एक किंवा ‘काहीही चालेल’ अशा तीनपैकी एक अवस्था साठविता येते. त्यामुळे ‘४१६ आणि पुढे काहीही’ अशी नोंद थेट लिहिता येते. आलेला पत्ता सर्व नोंदींशी एकाच वेळी ताडून पाहिला जातो आणि जुळलेल्यांपैकी अग्रक्रमाची नोंद बाहेर येते. या गतीची किंमत मोठी आहे. जलद गणल्या जाणाऱ्या एसरॅमच्या एका घरास बहुधा ६ ट्रान्झिस्टर लागतात, तर टीकॅमच्या प्रचलित घरास १६. शिवाय प्रत्येक शोधात सर्व नोंदी एकदम जागृत होत असल्याने विजेचा वापर व उष्णता दोन्ही वाढतात. टीकॅम म्हणूनच मोजूनमापून दिलेली असते आणि उपकरणाच्या किमतीतील मोठा फरक पुष्कळदा तिच्या आकारातून येतो.

मोजूनमापून दिलेल्या वस्तूचे वाटप करावेच लागते. आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा, तर आयपीव्ही६ चा १२८ बिटांचा असतो. दोन्ही एकाच रुंदीच्या ओळीत मावत नाहीत. अनेक उपकरणांत आयपीव्ही६ च्या एका नोंदीसाठी दोन ओळी जोडाव्या लागतात. कोणत्या ओळी एकेकट्या व कोणत्या जोडीने वापरायच्या, हे चिपला आधी सांगावे लागते. वाटणी चालू उपकरणात सहज का बदलता येत नाही, याचे एक कारण येथे आहे.

१२ ऑगस्ट २०१४

सिस्को कंपनीचे कॅटलिस्ट ६५०० हे स्विच व त्याच कुळातील ७६०० हे राउटर २००० च्या दशकात जगभरच्या सेवादात्यांनी मोठ्या संख्येने घेतले. त्यांतील मोठ्या क्षमतेच्या मॉड्यूलमध्ये टीकॅमच्या सुमारे १० लाख ओळी होत्या. उत्पादकाने त्यांची मूळ वाटणी अशी केली होती : ५१२ के, म्हणजे ५,२४,२८८ ओळी आयपीव्ही४ साठी, उरलेल्या ५१२ के ओळींतून दोन-दोन ओळींच्या जोड्या करून आयपीव्ही६ व बहुप्रसारणासाठी २५६ के नोंदी. २००५ च्या सुमारास इंटरनेटच्या संपूर्ण मार्गसारणीत आयपीव्ही४ चे दीड ते पावणेदोन लाख मार्ग होते. त्या काळी ही वाटणी उदारच म्हणावी लागेल. आयपीव्ही६ लवकरच मोठ्या प्रमाणावर येईल ही अपेक्षाही अवाजवी नव्हती.

मात्र पुढील वर्षांत अपेक्षेच्या उलट घडले. आयपीव्ही४ चे पत्ते संपत आले तसे मोठे पत्तासमूह तोडून लहान तुकड्यांत वापरले जाऊ लागले, आणि प्रत्येक तुकडा मार्गसारणीत स्वतंत्र नोंद म्हणून उतरला. २०१४ च्या उन्हाळ्यात आयपीव्ही४ चे मार्ग पाच लाखांवर गेले होते. त्याच वेळी आयपीव्ही६ चे मार्ग वीस हजारांच्या आसपास होते. एक कप्पा काठोकाठ भरत आला होता आणि शेजारचा दहा टक्केही भरला नव्हता.

सिस्कोने त्या वर्षीच्या मे महिन्यात याविषयी जाहीर सूचना दिली होती. उपाय एका ओळीच्या आज्ञेचा होता. ‘एमएलएस सीईएफ मॅक्सिमम-राउट्स आयपी’ या शब्दांपुढे हवा तो आकडा लिहायचा आणि उपकरण पुन्हा सुरू करायचे. अडचण होती ती या दुसऱ्या अर्ध्या भागाची. हजारो ग्राहकांची वाहतूक वाहणारा राउटर बंद करण्यास व्यवस्थापन सहजी तयार होत नाही. विशेषतः ज्या उपकरणात अद्याप काहीही बिघडलेले नाही ते बंद करण्यास तर नाहीच.

१२ ऑगस्ट रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी सव्वाच्या सुमारास अमेरिकेतील व्हेरायझन या सेवादात्याच्या नेटवर्कमधून सुमारे १५ हजार जादा मार्ग जाहीर झाले. एरवी मोठ्या समूहांच्या रूपाने दिसणारे पत्ते काही मिनिटांपुरते सुट्या तुकड्यांत दिसू लागले. जागतिक सारणी त्यामुळे सुमारे ५ लाख १५ हजारांपर्यंत गेली. येथे एक शंका स्वाभाविक आहे. मर्यादा ५,२४,२८८ ची असेल तर एवढ्याने ती कशी ओलांडली गेली? प्रत्येक सेवादात्याच्या राउटरमध्ये जागतिक मार्गांखेरीज त्याच्या स्वतःच्या नेटवर्कचे अंतर्गत मार्गही असतात, हे त्याचे उत्तर. ज्यांचे अंतर्गत मार्ग दहा-पंधरा हजारांच्या घरात होते त्यांचा कप्पा त्या दिवशी भरला. ज्यांचे कमी होते ते तूर्त वाचले. जगाच्या निरनिराळ्या भागांत त्या दिवशी सेवा विस्कळीत झाली आणि तरीही ती सर्वत्र एकसारखी झाली नाही, याची उकल यातून होते.

कप्पा भरल्यावर उपकरणात काय होते, हे अधिक बोधप्रद आहे. राउटर बंद पडत नाही. टीकॅममध्ये न मावलेले मार्ग तो नियंत्रक प्रक्रियकाकडे सोपवितो आणि त्या मार्गांवरील पॅकेट सॉफ्टवेअरमधून पाठविली जातात. हार्डवेअर सेकंदाला कोट्यवधी पॅकेट हाताळते. प्रक्रियकाची कुवत त्याच्या तुलनेत नगण्य असते. प्रक्रियक त्या कामात बुडाला की शेजारच्या राउटरांना ‘मी जिवंत आहे’ असे नियमित कळविण्याचे कामही मागे पडते, शेजारी संबंध तोडतात आणि मार्ग पुन्हा पुन्हा मोजावे लागतात. ज्या ग्राहकांचे मार्ग आधीच टीकॅममध्ये होते त्यांना काहीच जाणवत नाही. बिघाड असा अर्धवट असतो, आणि अर्धवट बिघाडाचे निदान पूर्ण बिघाडापेक्षा कठीण असते. आणखी एक गोष्ट : जादा मार्ग काही मिनिटांत मागे घेतले गेले तरी एकदा या स्थितीत गेलेले उपकरण आपोआप पूर्ववत होत नव्हते. ते पुन्हा सुरू करणे भाग होते. जो व्यत्यय मे महिन्यापासून टाळला होता तोच ऐन कामाच्या वेळी पदरात पडला.

त्यानंतर पुष्कळ ठिकाणी आयपीव्ही४ चा कप्पा ७६८ के इतका वाढविण्यात आला. याचा अर्थ आयपीव्ही६ साठी २५६ के ओळी, म्हणजे सुमारे १२८ के नोंदी उरल्या. २०१९ मध्ये जागतिक सारणीने हाही टप्पा गाठला. या वेळी चर्चा पुष्कळ झाली आणि व्यत्यय किरकोळ राहिला, कारण मधल्या पाच वर्षांत बहुतेकांनी उपकरणे बदलली होती किंवा संपूर्ण सारणी ठेवणे सोडून दिले होते. २०२४ च्या अखेरीस आयपीव्ही४ चे मार्ग साडेनऊ लाखांच्या आणि आयपीव्ही६ चे दोन लाखांच्या पुढे गेले होते. दहा लाख ओळींच्या त्या जुन्या टीकॅममध्ये हे दोन्ही एकत्र बसविणारी कोणतीही वाटणी शक्य नाही. आयपीव्ही६ च्या चार लाख ओळी वजा केल्या की हिशेब लगेच संपतो.

महाविद्यालयातील स्विच

वरील घटना सेवादात्यांची आहे. महाविद्यालयाचा राउटर सहसा संपूर्ण मार्गसारणी ठेवीत नाही. ‘बाहेरचे सर्व काही सेवादात्याकडे’ हा एक मार्ग त्याला पुरतो. त्यामुळे हा प्रश्न आपला नव्हे, असा समज होणे शक्य आहे. तो बरोबर नाही. महाविद्यालयात प्रश्न मार्गसारणीचा नसून तिच्या शेजारच्या कप्प्याचा, म्हणजे उपकरणांच्या पत्त्यांचा असतो.

उदाहरणादाखल कॅटलिस्ट ३७५० ही मालिका घेता येईल. तिची विक्री आता बंद झाली आहे. परंतु तिच्यातील वाटणीची पद्धत स्पष्ट व पूर्णपणे प्रसिद्ध असल्याने अभ्यासास सोयीची आहे. या स्विचमध्ये वाटणीचे तयार साचे असतात व ते ‘एसडीएम प्रेफर’ या आज्ञेने निवडतात. मूळ साच्यात सुमारे ६ हजार मॅक पत्ते आणि सुमारे ८ हजार आयपीव्ही४ मार्ग मावतात. त्या ८ हजारांतील ६ हजार जागा थेट जोडलेल्या यंत्रांच्या व २ हजार दूरच्या मार्गांच्या. ‘राउटिंग’ साचा निवडला की मॅक पत्ते ३ हजारांवर येतात आणि मार्ग ११ हजार होतात. ‘व्हीलॅन’ साचा निवडला की मॅक पत्ते १२ हजार होतात आणि हार्डवेअरमधील मार्ग शून्यावर येतात. एका बाजूस दिले की दुसऱ्या बाजूचे जाते, हा व्यवहार इतक्या उघडपणे क्वचितच पाहावयास मिळतो.

मूळ साच्यात आयपीव्ही६ साठी जागाच नाही. दूरसंचार विभागाने जुलै २०१० मध्ये आयपीव्ही६ च्या अवलंबाचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. त्यानुसार पावले टाकायची तर अशा स्विचवर दोन्ही प्रणाली चालविणारा संयुक्त साचा निवडणे क्रमप्राप्त होते. या साच्याचे आकडे पाहावेत : मॅक पत्ते सुमारे २ हजार; आयपीव्ही४ ची थेट जोडलेली यंत्रे २ हजार व दूरचे मार्ग १ हजार; आयपीव्ही६ साठीही साधारण तेवढेच. मॅक पत्त्यांचा कप्पा ६ हजारांवरून २ हजारांवर येतो. निवड करणाऱ्याचे लक्ष आयपीव्ही६ कडे असते. गेलेले ४ हजार पत्ते त्याच्या ध्यानी येतातच असे नाही.

दोन हजार ही संख्या मोठी वाटेल. परंतु वसतिगृह असलेल्या महाविद्यालयात एका विद्यार्थ्याकडे एक भ्रमणध्वनी व एक लॅपटॉप धरला तरी हजार विद्यार्थ्यांत ती संपते. येथे थोडी सवलत आहे. स्विच मॅक पत्त्याची नोंद कायम ठेवीत नाही; ३०० सेकंद त्या पत्त्याकडून काहीही आले नाही तर नोंद पुसली जाते. त्यामुळे मोजायची ती नोंदणीकृत उपकरणांची संख्या नव्हे, तर कोणत्याही पाच मिनिटांत बोलणाऱ्या उपकरणांची. वसतिगृहात ही संख्या रात्री दहाच्या सुमारास वाढते आणि तपासणी मात्र सकाळी अकरा वाजता कार्यालयीन वेळेत होते. सारणी तेव्हा अर्धी रिकामी दिसते.

मॅक सारणी भरली की स्विच नव्या पत्त्याची नोंद करू शकत नाही. ज्या पत्त्याची नोंद नाही त्याच्यासाठी आलेली फ्रेम तो त्या व्हीलॅनच्या सर्व पोर्टांवर सोडतो. एकाचे चलच्चित्र शंभर तारांवर वाहू लागते. बिनतारी प्रवेशबिंदूंची क्षमता त्यात वाया जाते आणि ज्यांचा या प्रकाराशी संबंध नाही त्यांनाही मंदपणा जाणवतो. एकाची फ्रेम दुसऱ्याच्या पोर्टवर पोचत असल्याने गोपनीयतेचाही प्रश्न उद्भवतो. खोटे पत्ते पाठवून सारणी मुद्दाम भरण्याचा हल्ला याच तत्त्वावर चालतो.

थेट जोडलेल्या यंत्रांच्या कप्प्याचे दुखणे वेगळे आहे. आयपीव्ही४ मध्ये एका यंत्रास एक पत्ता मिळतो. आयपीव्ही६ मध्ये एकच यंत्र एक स्थिर पत्ता आणि गोपनीयतेसाठी अधूनमधून बदलणारे तात्पुरते पत्ते वापरते. दोन हजार जागा असल्या तरी हजाराहून कमी यंत्रांत त्या संपू शकतात. सर्व व्हीलॅनांचे मार्ग एकाच मध्यवर्ती स्विचवर एकवटले असतील तर हा ताण त्या एका स्विचवर पडतो. मार्गनिर्णयाचे काम दोन स्विचमध्ये विभागणे किंवा जास्त क्षमतेचा एकच मध्यवर्ती स्विच घेणे, हे दोनच खरे उपाय उरतात. बँडविड्थ वाढविणे हा त्यांतील एकही नव्हे.

पुढील पिढीच्या चिपमध्ये हा काटेकोरपणा काहीसा सैल झाला. तेथे मेमरीचे काही गट सामायिक ठेवून ते गरजेप्रमाणे मॅक, यंत्रपत्ते किंवा मार्ग यांना जोडता येतात. ज्युनिपर कंपनीच्या क्यूएफएक्स ५१०० या स्विचमध्ये अशा पाच तयार रचना आहेत. मूळ रचनेत १६० के मॅक पत्ते व १४४ के यंत्रपत्ते बसतात. मॅककडे सर्वाधिक झुकणाऱ्या रचनेत हेच आकडे २८८ के व १६ के होतात. मार्गांकडे झुकणाऱ्या रचनेत मार्ग १६ केवरून १२८ केवर जातात आणि मॅक ३२ केवर येतात. आकडे मोठे झाले, व्यवहार तोच राहिला. रचना बदलताना पॅकेट पाठविणारा भाग पुन्हा सुरू होतो आणि वाहतूक थांबते, हेही तसेच राहिले.

पॅकेट बफर

सारण्यांच्या बाबतीत ‘कप्पा जितका मोठा तितका बरा’ हे म्हणता येते. बफरच्या बाबतीत ते म्हणता येत नाही. दीर्घकाळ असा दंडक होता की तारेचा वेग आणि पॅकेटच्या जाण्यायेण्याचा काळ यांच्या गुणाकाराएवढा बफर असावा. १० गिगाबिट वेग व पाव सेकंद काळ धरल्यास तो २.५ गिगाबिट होतो. अ‍ॅपेन्झेलर, केस्लासी व मॅककेऑन यांनी २००४ मध्ये दाखविले की एका तारेवर अनेक स्वतंत्र प्रवाह असतील तर या गुणाकारास प्रवाहसंख्येच्या वर्गमुळाने भागावे. ५० हजार प्रवाहांसाठी वर्गमूळ सुमारे २२४ येते व लागणारा बफर साधारण १० मेगाबिटपर्यंत उतरतो.

उलट टोकास मंद तारेवर मोठा बफर अपायकारक ठरतो. सेकंदाला १ मेगाबिट वेगाच्या बाहेर जाणाऱ्या तारेवर २५६ किलोबाइटचा बफर भरला की शेवटच्या पॅकेटला दोन सेकंदांहून अधिक थांबावे लागते. एकही पॅकेट हरवत नाही, आणि ऑनलाइन तासिकेतील संभाषण मात्र अशक्य होते. जिम गेटिस यांनी २०११ च्या सुमारास या दोषाकडे लक्ष वेधले. कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली कोडेल पद्धत रांगेची लांबी न पाहता पॅकेट किती वेळ थांबले ते पाहते. बफर किती द्यायचा यापेक्षा त्यात किती काळ थांबू द्यायचे, हा अधिक योग्य प्रश्न ठरला.

स्विचमधील बफर सर्व पोर्टांत सामायिक असतो आणि तेथेही वाटणीचा नियम लागतो. चौधरी व हाने यांनी १९९८ मध्ये मांडलेला नियम आजही प्रचलित आहे : कोणत्याही रांगेची मर्यादा ही त्या क्षणी मोकळ्या असलेल्या बफरच्या ठरावीक पटीइतकी असावी. ही पट १ असेल तर एकट्या व्यग्र रांगेला निम्मा बफर मिळतो, दोघींना एकेक तृतीयांश, तिघींना एकेक चतुर्थांश. प्रत्येक वेळी एका रांगेच्या वाट्याइतका भाग नव्याने येणाऱ्या रांगेसाठी मोकळा राहतो. पट ८ केल्यास एकटी रांग आठ नवमांश बफर व्यापते आणि पाठोपाठ आलेल्या दुसरीला जागा मिळेपर्यंत तिची पॅकेट गळतात. एकत्र कुटुंबातील कोठाराचा हिशेब याहून फार निराळा नसतो.

महाविद्यालयांत आढळू शकणारा एक प्रसंग येथे नोंदविण्याजोगा आहे. आयपी दूरध्वनी बसविताना आवाजास अग्रक्रम मिळावा म्हणून वर उल्लेखिलेल्या ३७५० मालिकेत ‘एमएलएस क्यूओएस’ ही आज्ञा दिली जाते. तिच्यासरशी प्रत्येक पोर्टचा बफर चार रांगांत २५-२५ टक्के असा विभागला जातो. बहुतांश सामान्य वाहतूक या चारांपैकी एकाच रांगेत येते. जिला आधी सर्व बफर उपलब्ध होता तिला आता मुख्यतः आपल्या चतुर्थांशावर भागवावे लागते, आणि दूरध्वनी सुधारला त्याच दिवसापासून प्रयोगशाळेतील फाइली उतरविणे मंदावते. उपाय त्याच आज्ञासंचात आहे : सामान्य रांगेचा वाटा वाढविणे, आणि जेथे आवाजाची वाहतूक नाही अशा स्विचवर ही सोय न लावणे.

नियंत्रक मेमरीविषयी थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. सिस्कोच्या २६०० मालिकेसारख्या जुन्या राउटरांत एकच डीरॅम प्रक्रियक व पॅकेट यांच्यात टक्केवारीने वाटली जात असे आणि ती टक्केवारी ‘मेमरी-साइज आयओमेम’ या आज्ञेने बदलता येई. पॅकेटचा वाटा फार वाढविला की कार्यप्रणालीस मेमरी मिळत नाही व तशी नोंद दिसू लागते; फार घटविला की पॅकेट गळतात.

वाटणी बदलताना

वाटणी बदलण्यापूर्वी प्रत्येक कप्प्याचा प्रत्यक्ष वापर निदान एक आठवडा, विशेषतः रात्रीच्या वेळी, मोजावा लागतो. ३७५० वर ‘शो प्लॅटफॉर्म टीकॅम युटिलायझेशन’ ही आज्ञा प्रत्येक कप्प्यातील एकूण व वापरलेल्या जागा दाखविते. ‘शो मॅक अ‍ॅड्रेस-टेबल काउंट’ पत्त्यांची संख्या देते. हे आकडे साच्याच्या आकड्यांशेजारी लिहिले की कोठे देता येईल व कोठून घ्यावे लागेल ते दिसते. साच्यांचे प्रसिद्ध आकडे उत्पादकाने स्वतःच ढोबळ म्हणून दिलेले आहेत; त्यामुळे ऐंशी टक्क्यांवर गेलेला कप्पा भरलेलाच धरणे बरे.

यानंतर बदलाची आज्ञा द्यायची आणि स्विच पुन्हा सुरू करायचा. या दोहोंमध्ये अंतर पडले की वेगळाच घोटाळा होतो. आज्ञा दिली जाते, परीक्षा सुरू असल्याने स्विच बंद करता येत नाही, सुटीत करू असे ठरते आणि ते राहून जाते. नवा साचा स्विचमध्ये नोंदलेला असतो, लागू झालेला नसतो. पुढे केव्हातरी वीज जाते, बॅटरी तग धरत नाही, आणि वीज परत आल्यावर स्विच नव्या वाटणीसह उभा राहतो. त्या दिवशी कोणीही काहीही बदललेले नसते. शोध घेणारा विजेच्या दाबाला दोष देतो, क्वचित स्विचच्या आयुष्याला. ‘शो एसडीएम प्रेफर’ ही आज्ञा दिल्यास चालू साच्याखाली ‘पुढील वेळी सुरू होताना लागू होणारा साचा’ अशा अर्थाची स्वतंत्र ओळ दिसते. नेटवर्कच्या नोंदवहीत चालू साच्याबरोबर या ओळीचीही तारखेसह नोंद असावी. दोन्ही साचे वेगळे असतील तर त्या पानावर स्विच पुन्हा सुरू करण्याचा दिवस व तो करणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे.